गावाचे नाव आणि निवेदकाची जागा : स्टॉम्पिन टॉम कॉनर्सची गीते

लोकप्रिय गीत समीक्षेच्या कक्षेत आले की त्यातील शब्द सुरावटीपासून सुटे करून ‘कविता’ म्हणून वाचले जातात आणि कविता म्हणून ते अर्थातच तोकडे ठरतात. किंवा मग ते समाजशास्त्रीय पुरावा म्हणून वापरले जातात आणि त्यातील विनोद वाया जातो. कॅनडाचा गीतकार-गायक स्टॉम्पिन टॉम कॉनर्स (१९३६-२०१३) याच्या बाबतीत या दोन्ही वाटांनी फारसे हाती लागत नाही. त्याच्या गीतांत छोटे शहर कोण सांगतो आणि कोठे उभा राहून सांगतो, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

वॉल्टर बेन्यामिनने १९३६ मधील कथकाविषयीच्या आपल्या निबंधात कथकाची दोन मूळ रूपे कल्पिली आहेत : एकाच जमिनीवर राबणारा शेतकरी आणि दूरदेशीच्या हकीकती आणणारा खलाशी. कारागिराच्या कर्मशाळेत ही दोन्ही रूपे एकत्र येतात, कारण स्थायिक उस्तादाजवळ फिरस्ता कारागीर येऊन काम करतो. कॉनर्स हा या फिरस्त्या कारागिराचा विसाव्या शतकातील वंशज म्हणता येईल. सेंट जॉनमध्ये जन्मलेला आणि प्रिन्स एडवर्ड बेटावरील स्किनर्स पाँड येथे दत्तक घरात वाढलेला हा मुलगा किशोरवयातच बाहेर पडला आणि वाटेतल्या गाड्यांना हात दाखवत, मिळेल ते काम करत देशभर हिंडला. १९६४ मध्ये ऑन्टॅरिओतील टिमिन्स या खाणींच्या गावी, मेपल लीफ हॉटेलात, बिअरसाठी पाच सेंट कमी पडले म्हणून त्याला गायला सांगण्यात आले आणि त्यातून वर्षभराहून अधिक काळ तेथे गाण्याचे काम मिळाले. ही हकीकत चरित्रातील गमतीचा भाग म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यात त्याच्या कथनाची अटच दडलेली आहे. गाणे हे येथे उधारी फेडण्याचे साधन आहे, आणि ऐकणारे दिवसभर राबून आलेले मजूर आहेत.

त्याचे ‘स्टॉम्पिन’ हे नावही याच परिस्थितीने दिले. गुत्त्यातील गोंगाटात ताल हरवू नये म्हणून तो टाच आपटून गात असे. पुढे त्यासाठी प्लायवूडची फळी पायाखाली आली. म्हणजे ज्याला शैली म्हणावे तो मुळात श्रोत्यांच्या गलक्याला दिलेला प्रतिसाद होता. गावांची नावे ठासून उच्चारण्याची त्याची लकबही अशीच समजून घ्यावी लागते. आपल्या गावाचे नाव गाण्यात ऐकताच गुत्त्यातला माणूस मान वर करतो, आणि कथनाला श्रोता मिळतो.

‘टिल्सनबर्ग’ या गीतात हे नाव ध्रुपदासारखे परत परत येते. दक्षिण ऑन्टॅरिओच्या तंबाखूपट्ट्यात मजुरीला गेलेल्या कफल्लक तरुणाची ही कैफियत आहे. सात डॉलर रोज, निजायला झोपडीतली जमीन, आणि थंडी वाजली तर दार लावून घेण्याची मुभा! निवेदक सिगारेटची झाडे कोठे आहेत असे भाबडेपणाने विचारतो, आणि वाकायला सांगितल्यावर पळ काढण्याच्या बेतात येतो. विनोद येथे श्रमाचे दुःख झाकत नाही. ज्याला तक्रार करण्याची सोय नाही अशा माणसाची तक्रार तो बोलता करतो. गावाविषयीची ओढ या गीतात नाही. गाव म्हणजे दुखणारी पाठ. स्टीफन लीकॉकने १९१२ मध्ये रचलेल्या मारिपोसाच्या रेखाचित्रांतील सौम्य, घरगुती उपहासाशी हे ताडून पाहावे. तेथे निवेदक गावाच्या दुबळेपणावर प्रेम करतो. येथे निवेदकाचे गावाशी नाते केवळ रोजंदारीचे आहे.

‘सडबरी सॅटर्डे नाइट’ हे गीत अधिक पेचाचे आहे. निकेलच्या खाणीतील कामगार शनिवारी रात्री इन्को कंपनीला विसरून पितात. आयरिश, स्कॉटिश, जर्मन, फ्रेंच असे ते मूळ वंशावरून ओळखले जातात, आणि बायका बिंगो खेळायला गेलेल्या असतात. बाख्तिनच्या अर्थाने हा उत्सव खरा. पण असा उत्सव सत्तेच्या परवानगीनेच साजरा होतो, हा टेरी ईगल्टनचा १९८१ मधील आक्षेपही येथे नेमका लागू पडतो. शनिवार संपतो, सोमवार कंपनीचा असतो. तरीही विसरण्यासाठी का होईना, कंपनीचे नाव घ्यावेच लागते, हा या गीतातील खरा उपरोध आहे. त्याच शहरात १९७८-७९ मध्ये इन्कोच्या कामगारांनी जवळजवळ नऊ महिने संप केला. गीताने तो घडवला असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या हास्यात केवळ शरणागती ऐकणे हा ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष होय. बायकांच्या बाबतीत मात्र असा बचाव करता येत नाही. त्यांची शनिवारची रात्र कशी जाते, हे सांगण्याची गरज निवेदकाला वाटलेलीच नाही.

१९७८ मध्येच कॉनर्सने आपले सहा जूनो पुरस्कार परत केले. अमेरिकेत राहून, तेथेच व्यवसाय करणाऱ्यांना हे कॅनेडियन सन्मान का, असा त्याचा सवाल होता. पुढे बराच काळ तो रंगमंचापासून दूर राहिला. नॉर्थ्रप फ्रायने १९६५ मध्ये कॅनेडियन संवेदनशीलतेला ‘हे ‘इथे’ म्हणजे कोठे?’ हा प्रश्न छळतो असे मांडले होते. कॉनर्स त्याला गावांची यादी वाचून उत्तर देतो. हे उत्तर भाबडे आहे, कधी कधी प्रवासी पुस्तिकेच्या पातळीवर उतरणारेही आहे. त्याच्या सुमार गीतांत नावे उरतात आणि माणसे गळून पडतात.

या दृष्टीने ‘द हॉकी साँग’ (१९७३) विचारात घेण्याजोगे आहे. १९९० च्या दशकापासून ते हॉकीच्या मैदानांवर गाजू लागले आणि त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले. या गीतात गाव नाही, मजुरी नाही, कफल्लक निवेदकही नाही. आहे तो खेळाचे तीन टप्पे उत्साहाने सांगणारा समालोचक. म्हणूनच ते कोणत्याही शहरात वाजवता येते, आणि टिल्सनबर्गच्या शेतात वाकलेला माणूस त्यात कोठेही सापडत नाही.