गारदी : निष्ठा आणि पगार

विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ (१९८८) कादंबरीने इब्राहिमखान गारद्याला मान दिला, यात शंका नाही. बार्शीतला आपला वाचकही त्याच्याविषयी अभिमानाने बोलतो. पण ‘एकनिष्ठ मुसलमान’ एवढ्यापुरताच. मुळात तो पगारी सेनानी. निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला, १७६० साली उदगीरला जुन्या धन्यावरच तोफा डागल्या आणि १७६१ मध्ये पानिपतावर जिवानिशी गेला. १७७३ मध्ये नारायणरावाला मारणारेही पगारी गारदीच, म्होरक्या सुमेरसिंग. ‘गारदी’ शब्दाला रक्ताचा डाग लागला, ‘ध चा मा’ आनंदीबाईच्या माथी आला; कटातला राघोबा मात्र ‘राघोभरारी’च राहिला! २००७ साली बगदादमध्ये ब्लॅकवॉटरच्या भाडोत्री शिपायांनी १७ माणसे मारली. तुरुंगात गेले ते शिपाईच. गारद्याच्या निष्ठेवर आपली समीक्षा भरभरून लिहिते. पगार देणाऱ्याविषयी मात्र गप्प असते.