वेळेवर न आलेली ढाल

4 फेब्रुवारी 1670 च्या रात्रीची सिंहगडावरची झुंज सभासदाने आपल्या बखरीत मोजक्या ओळींत सांगून टाकली आहे. तानाजी मालुसरे आणि किल्लेदार उदेभान समोरासमोर येतात. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही. मग तो डाव्या हाताचीच ढाल करतो आणि दोघेही पडतात. ‘तान्हाजी’ (2020) परतवाड्यात पाहून आलो, त्या रात्री मी हा उतारा पुन्हा काढून वाचला. पडद्यावर तोफ होती, कडा होता, मिनिटामागून मिनिटं चाललेली झटापट होती. मनात राहिली ती मात्र बखरीतली, न आलेली ढाल.

थिएटरबाहेर पानठेल्यावर नेहमीचा वाद रंगला होता. “अशी कोणी तलवार चालवते का बा?” एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं, “पिच्चर हाय ना तो!” दोघेही अस्सलपणा आणि गोष्ट यांना एकमेकांच्या विरोधात उभे करत होते. मला ते मान्य नाही. शस्त्राची जी अडचण असते, तिथेच गोष्ट जन्माला येते.

आपली तलवार वाकडी. मुठीच्या टोकाला गोल चकती, त्यामुळे मनगट फार वाकत नाही. वार खांद्यातून येतो आणि पातं ओढत कापत जातं. समोरचा वार शक्यतो ढालीवर घ्यायचा, कारण धारेवर धार आदळली की पात्याला दाते पडतात. सिनेमात ढाल पाठीवर लटकते किंवा पहिल्याच झटापटीत गळून पडते. ती नटाचा चेहरा झाकते, हे कारण मला उघड दिसतं. मग उरतं पात्यावर पातं आपटत राहणं. लाकडावर चामडं चढवलेल्या म्यानातून तलवार निघताना जो झणकार ऐकू येतो, तोही नंतर भरलेला.

दांडपट्ट्याचं अधिक वाईट वाटतं. 2024 मध्ये तो महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, पण पडद्यावर तो अजून दागिन्यासारखाच मिरवतो. पट्ट्याच्या खोबळ्यात हात अडकला की मनगट मोकळं राहत नाही. पट्टा फिरतो तो खांद्याच्या आणि पायांच्या जोरावर. त्याला भोवती जागा लागते, आणि एकट्याने अनेकांना लांब ठेवणं हे त्याचं खरं काम. मिरवणुकीत आखाड्यातलं पोरगं पट्टा फिरवायला लागलं की गर्दी न सांगता चार पावलं मागे सरते. ते मागे सरणं मला सिनेमात दिसत नाही. तिथे शत्रू एकेक करून, आपली पाळी आल्यासारखे पुढे येतात आणि पडतात. पट्ट्याची भीती गेली की पट्टेकऱ्याचं शौर्यही गेलं.

दिग्पाल लांजेकरांनी ‘फर्जंद’पासून (2018) ‘सुभेदार’पर्यंत (2023) हे युद्धपट मराठीत पुन्हा उभे केले, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ‘पावनखिंड’ (2022) मला त्यात सरस वाटतो. खिंड अरुंद आहे, आणि विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत ती धरायची आहे. जागा आणि वेळ दोन्ही बांधलेली असल्यामुळे स्लो मोशनचा सोस असूनही प्रत्येक जखमेला अर्थ येतो.

‘छावा’ (2025) सुरू होतो बुऱ्हाणपूरच्या हल्ल्यापासून. आमच्याकडून सेमाडोह, धारणी करत मेळघाट ओलांडला की तेच बुऱ्हाणपूर लागतं, म्हणून मी सरसावून बसलो. तिथे संभाजीराजे सिंहाशी झुंजतात. पुढे संगमेश्वरला ते इतक्या माणसांना लोळवतात की त्यांना साखळदंड कसे पडले, हेच कळेनासं होतं. 1689 मध्ये राजे पकडले गेले, ते फारच थोडी माणसं जवळ होती म्हणून. ती उणीव दाखवली असती, तर पुढचं दुःख अधिक खोल गेलं असतं.

कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’त (1954) एक द्वंद्व आहे. आधी काठ्यांनी. हरलेला म्हणतो, बरोबरी झाली. जिंकलेला सांगतो, खरी तलवार असती तर तू मेला असतास. तो ऐकत नाही. तलवारी निघतात, तेच पवित्रे, एकच वार, आणि माणूस कोसळतो. झुंज क्षणाची, पण तिच्या आधीचं वाट पाहणं लांब. ही युक्ती महागडी नाही, तिला फक्त धीर लागतो. आणि शस्त्र जाणणारी माणसं हवी असतील, तर 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे अमरावतीतच आहे.

आणि जागा हवी असेल, तर गाविलगडचा किल्ला आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. अडगावच्या लढाईनंतर, डिसेंबर 1803 मध्ये, स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने आधी रस्ते तयार करत जड तोफा हातांनी डोंगरावर ओढत नेल्या. 15 तारखेला तटाला पडलेल्या खिंडारातून फौज आत शिरली. आतल्या तटावर शिड्या लागल्या, दरवाजा आतून उघडला गेला. ही लढाई मी अजून पडद्यावर पाहिलेली नाही. कुणी करायला घेतली तर त्याने आधी त्या दरवाजात जाऊन उभं राहावं, तिथे एका वेळी किती माणसं तलवार उगारू शकतील ते पावलांनी मोजावं. किल्लेदार बेनीसिंग दरवाजाजवळच, प्रेतांच्या ढिगात सापडला होता.