केअर लिस्ट गेली. आता जर्नल कोण निवडणार?

‘केअर लिस्ट बंद झाली, आता पेपर कुठे पाठवायचा?’ पेटची तयारी करणारे, नुकतंच रजिस्ट्रेशन झालेले, सगळेच हा प्रश्न विचारतात. एक दुसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही: आपल्या ग्रंथालयात जी जर्नल्स येतात ती कोणी निवडली, आणि कशावरून? माझ्या मते हा दुसरा प्रश्न आपण सोडून दिला, म्हणून पहिला इतका अवघड होऊन बसलाय.

थोडा इतिहास सांगतो. जर्नलचा दर्जा आकड्यात मोजायची सुरुवात लेखकांसाठी झालीच नव्हती, ती एका छोट्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी झाली. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजमधल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी ‘सायन्स’मध्ये एक लेख लिहिला. अडचण तीच, आपल्याकडची: पैसे थोडे, रसायनशास्त्राची जर्नल्स ढीगभर, घ्यायची कोणती? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला, त्यातल्या लेखांखालचे ३,६३३ संदर्भ मोजले, आणि कोणत्या नियतकालिकाचं नाव किती वेळा येतं याची यादी केली. जे जास्त वेळा येतं ते आधी विकत घ्या. इतकं साधं! पुढे युजीन गारफील्ड यांनी सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवायला जो हिशोब वापरला, तोच आपला लाडका इम्पॅक्ट फॅक्टर.

म्हणजे हा आकडा कपाटासाठी होता. आपण तो माणसांना लावला. प्राध्यापकाची बढती, स्कॉलरचा प्रबंध, निवड समितीसमोरचे गुण, सगळं त्यावर टांगलं. कपाटासाठीच्या यादीत चूक झाली तर फार तर एका वर्षाची वर्गणी वाया जाते. माणसांना गुण देणाऱ्या यादीत चूक झाली की तिच्याभोवती बाजार भरतो.

आणि तो भरलाच. २०१७ मध्ये युजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या (म्हणजे नगरमधली बहुतेक पारंपरिक कॉलेजं ज्याला जोडलेली आहेत त्याच) अभ्यासकांच्या पुढाकाराने या यादीची तपासणी झाली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये नसलेली १,००९ जर्नल्स त्यांनी तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकाचं नाव नाही, कुठे आयएसएसएन चुकीचा, कुठे इम्पॅक्ट फॅक्टर खोटा. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त बोचते. ही जर्नल्स यादीच्या ज्या भागातली होती, तो भाग विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा होता! वर्गणी भरून आपल्या ग्रंथालयात मागवायची वेळ आली असती, तर यातली किती जर्नल्स कोणी सुचवली असती? वाचायला नको, पण छापून यायला चालेल, अशी ती नावं.

मे २०१८ मध्ये ४,३०५ जर्नल्स यादीतून गेली. मग केअर आलं, तेही पुण्याच्याच विद्यापीठात, आणि २०१९ मध्ये त्याची यादी. ती आधीपेक्षा नक्कीच बरी होती, यात वाद नाही. पण सवय तीच राहिली: जर्नल उघडून वाचायचं नाही, यादीत नाव शोधायचं. केअरमधल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब बनावट वेबसाइट काढून लोकांना फसवलं गेलं, ते याच सवयीमुळे. ज्याने त्या जर्नलचे चार अंक वाचलेत, तो असा सहजासहजी फसत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये युजीसीने केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि आठ गटांत ३६ सुचवलेले निकष पुढे ठेवले. आता संस्थांनी स्वतः ठरवायचं. निकष वाचा, वाईट नाहीत. माझा आक्षेप वेगळा आहे. जर्नल पारखायचं कौशल्य ज्या माणसाकडे असतं, तो ग्रंथपाल. इतकी वर्षं आपण त्याला काय काम दिलं? नॅकच्या तक्त्यात ई-जर्नल्स आहेत का, ई-बुक्स आहेत का, वर्षाला खर्च किती, एवढं भरायचं. कोणतं जर्नल किती जणांनी उघडलं, हा प्रश्न खरेदी समितीत निघतो का? समजा एखाद्या जर्नलची वर्गणी ४०,००० रुपये आहे आणि वर्षभरात त्यातले आठच लेख कोणी उतरवले. एक लेख ५,००० रुपयांना पडला. तोच लेख दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवून घेणं कितीतरी स्वस्त. हा हिशोब ग्रंथपालांना येतो. त्यांना विचारलं जात नाही. आणि जिथे ग्रंथपालाची जागाच रिकामी आहे, तिथे ३६ निकष कोण लावणार?

यात आणखी एक बदल झालाय. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी ही मोठीच सोय आहे आणि ती भरपूर वापरा. पण निवड आता गांधीनगर-दिल्लीत होते, आणि तीही एकेका जर्नलची नाही, प्रकाशकाच्या अख्ख्या गठ्ठ्याची. त्या गठ्ठ्यात काय नसतं ते बघा. राज्यातल्या कृषी विद्यापीठांचं ‘जर्नल ऑफ महाराष्ट्र ॲग्रिकल्चरल युनिव्हर्सिटीज’ नसतं. रब्बी ज्वारीवर, कांद्यावर, आपल्याकडच्या काळ्या जमिनीवर काम करणाऱ्याला मात्र त्याचे जुने अंक लागतात. राहुरीला फुले कृषी विद्यापीठात ते शोधायला जाणारे लोक मूर्ख नाहीत.

किंवा हिवरे बाजारच्या भूजलावर काम करायचं ठरवा. मोठ्या प्रकाशकांकडे पाणलोटावर शेकडो लेख मिळतील. पण विहिरींच्या पातळ्या, पावसाच्या नोंदी, केलेल्या कामांचे तपशील कुठे असतात? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अहवालांत, ग्रामपंचायतीच्या दप्तरात, संस्थांच्या पुस्तिकांत, आणि कोणीतरी आधी केलेल्या प्रबंधात. यांना इम्पॅक्ट फॅक्टर नाही, कोणत्याही यादीत जागा नाही. म्हणून ग्रंथालयं ते जमवत नाहीत, आणि दहा वर्षांनी ते मिळतही नाहीत. ‘उच्च दर्जाचा संग्रह’ म्हणताना हा भाग आपोआप गळतो, आणि माझं भांडण मुख्यतः याच्याशी आहे.

आता तुमच्या हातात काय आहे? ग्रॉस आणि ग्रॉस यांनी केलं तेच. शोधगंगावरून तुमच्या विषयातले, शक्यतो याच भागावरचे पाच-सहा प्रबंध उतरवून घ्या. संदर्भसूची उघडा, जर्नलची नावं एक्सेलमध्ये टाका आणि मोजा. नावं शे-दीडशे निघाली तरी दहा-बारा जर्नल्सच पुन्हा पुन्हा दिसतील. हे नवीन नाही, १९३४ मध्ये ब्रॅडफर्डने हेच दाखवलं होतं: उपयोजित भूभौतिकीच्या ३२६ नियतकालिकांपैकी अवघ्या ९ मध्ये जवळजवळ एक तृतीयांश लेख होते. एक काळजी मात्र घ्या. ग्रॉस यांनी अमेरिकन जर्नलचे संदर्भ मोजले, म्हणून त्यांना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ काय वाचतात ते कळलं. तुम्ही फक्त परदेशी जर्नलचे संदर्भ मोजलेत तर स्थानिक काहीच दिसणार नाही. म्हणून प्रबंध मोजा.

वर आलेली दहा-बारा जर्नल्स म्हणजे तुमची वाचायची यादी. पेपर पाठवायची यादीही बहुधा त्यातूनच निघेल. संपादक कोण, ते खरोखर त्या विषयात काम करतात का, शेवटचे दोन अंक वेळेवर आले का, लेखांत तुमच्या ओळखीचे संदर्भ आहेत का, एवढं बघायला एक दुपार पुरते.

यातलं जे तुमच्याकडे येत नाही त्याची नावं कागदावर लिहून ग्रंथपालांकडे द्या. कोणत्या कामासाठी हवं आणि किती जणांना लागेल तेही लिहा, गाईडची सही घ्या. छापील जर्नल्सची वर्गणी बहुतेक करून जानेवारी ते डिसेंबर अशी असते, त्यामुळे हा कागद दिवाळीच्या सुट्टीआधी पोचला पाहिजे. आणि प्रबंध पूर्ण झाला की तुम्ही जमवलेले अहवाल, विहिरींच्या नोंदींच्या झेरॉक्स रद्दीत टाकू नका. ग्रंथालयात ठेवून घेतात का, ते विचारा.