गळ आणि गिऱ्हाईक

निर एयाल यांचे ‘हूक्ड’ हे इंग्रजी पुस्तक २०१४ साली बाजारात आले आणि मोबाइल ॲप काढणाऱ्यांच्या जगात त्याला पाठ्यपुस्तकाचा मान मिळाला. नावाचा अर्थ ‘गळाला लागलेला’. लोकांना एखाद्या वस्तूची सवय कशी लावावी, हा त्याचा विषय. असे पुस्तक मंडळाच्या पुरवणीत परीक्षणाला यावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या पुस्तकातली भाषा आता आपल्या वाणसामानाच्या यादीपर्यंत पोचली आहे, म्हणून हा प्रपंच.

माझ्या हाती ते आले एका परिचित दुकानदारामुळे. शारजाच्या रोला भागात त्यांचे किराण्याचे दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचे ॲप काढले. पहिल्या खरेदीवर सूट होती, तेव्हा आम्ही सर्वांनी ते हौसेने डाउनलोड केले. सूट संपली आणि तिसऱ्या महिन्यापासून शुकशुकाट झाला. ज्यांनी ॲप बांधून दिले त्या मंडळींनी ‘आता गिऱ्हाईक गुंतवून ठेवायला हवे’ असा सल्ला दिला आणि सोबत हे पुस्तक. दुकानदाराला वाचायला सवड नव्हती, मला होती.

एयाल यांची मांडणी सोपी आहे. आधी चेतवणी, म्हणजे मोबाइलची टिंग. मग कृती, म्हणजे ॲप उघडणे. मग लाभ, पण तो दर वेळी सारखा नसलेला. आणि शेवटी गिऱ्हाइकाने स्वतः काही गुंतवणे: आपली माहिती, आवडीनिवडी, श्रम. हे चक्र पुरेसे फिरले की टिंग न वाजताही माणूस आपण होऊन ॲप उघडतो. लेखक लबाड नाहीत. जे तुम्ही स्वतः वापरणार नाही आणि ज्याने दुसऱ्याचे भले होणार नाही, ते विकण्याआधी विचार करा, असे त्यांनी स्वच्छ लिहिले आहे. (पुढे २०१९ साली त्यांनीच मन विचलित होऊ न देण्याचे उपाय सांगणारे दुसरे पुस्तक लिहिले. आधी गळ विकायचा आणि मग तो काढायचा चिमटा, असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही.)

माझा आक्षेप वेगळा आहे. पुस्तकातली उदाहरणे बहुतेक इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट, ट्विटर यांसारखी आहेत, जिथे माणूस वेळ घालवायला जातो. किराण्याच्या दुकानात माणूस वेळ वाचवायला जातो. ‘दर वेळी सारखा नसलेला लाभ’ ही कल्पना मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांतून आली. कळ दाबल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असे केले की पक्षी कळ दाबतच राहतो. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. पण तुरीच्या डाळीत कोणाला अनिश्चितता हवी आहे? गेल्या खेपेचा आंबेमोहोर याही खेपेला तसाच मिळावा, पिठात किडे नसावेत, भाव आठवड्यात दोनदा बदलू नये, एवढीच गृहिणीची अपेक्षा. अशा ॲपवर रोज फिरवायचे नशीबाचे रंगीत चाक लावणे म्हणजे वाण्याने गल्ल्यावर सोरट मांडून बसणे. आमच्या दुकानदाराच्या ॲपवर ते चाक आले. मुलांनी चार दिवस फिरवले. तेलाचा डबा मात्र दुसरीकडूनच येत राहिला.

आपल्यापैकी जुन्यांना आठवत असेल की या देशात मराठी स्वयंपाकघराला लागणारे जिन्नस एके काळी सुट्टीवरून येतानाच्या बॅगेतून यायचे. १९८४ साली महादेव दातार यांनी दुबईत छोटेसे किराणा दुकान काढले आणि पुढे त्यांचे चिरंजीव धनंजय दातार यांनी ‘अल आदिल’ नावाने त्याचा विस्तार केला. अशा दुकानांत आपली माणसे वारंवार गेली ती गोडा मसाला आणि भाजणी तिथे नक्की मिळेल या खात्रीने. ही सवयच आहे, एयालसाहेबांना हवी तशी. फक्त ती अनिश्चिततेतून न लागता तिच्या नेमकी उलट दिशेने लागली.

आता टिंगेकडे वळतो, कारण खरा त्रास तिचा. जुलैत शाळांना सुट्टी लागते आणि निम्मे शारजा मायदेशी जाते. ॲपच्या हिशेबात मात्र हे गिऱ्हाईक ‘तुटले’. मग रत्नागिरीत पावसात बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर ‘आम्हाला तुमची आठवण येते’ असा संदेश येतो, सोबत दोन दिवसांत संपणारी सवलत. श्रावणी सोमवारी दुपारी चिकनची जाहिरात येते. आषाढी एकादशी उलटल्यावर दोन दिवसांनी साबुदाणा स्वस्त होतो. रमजानमध्ये या गावाचे सगळे व्यवहार रात्रीकडे सरकतात, तरी संदेश आपला सकाळी साडेदहाला. २०२२ च्या जानेवारीपासून शारजात सरकारी कार्यालयांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी आहे; शेजारी दुबईत तसे नाही. तेव्हा अल नहदात राहून रोज सकाळी दुबईच्या रहदारीत अडकणारा माणूस आणि इथल्या सरकारी कचेरीत काम करणारा माणूस यांची शुक्रवारची गरज एक कशी असेल?

इमारतीखालच्या ग्रोसरीतला केरळी माणूस यांतले काहीच शिकलेला नसतो, पण त्याला हे सगळे ठाऊक असते. कोण गावी गेले, कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या पगाराला उशीर झाला आहे, हे तो उधारीच्या वहीवरून ओळखतो. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाची नोकरी गेली तेव्हा महिनाभर त्याने वही मिटून ठेवली. ॲपमध्ये यासाठी खूण नाही. तिथे ते कुटुंब ‘निष्क्रिय’ आणि उपाय एकच, आणखी तीन संदेश.

बळजबरी केली तरी गिऱ्हाईक राहत नाही, याचा मोठा दाखला भारतातच आहे. कपडे विकणाऱ्या मिंत्राने १५ मे २०१५ रोजी आपले संकेतस्थळ बंद करून ‘यापुढे फक्त ॲप’ असे जाहीर केले. ॲप एकदा मोबाइलवर बसले की माणूस आपला झाला, असा तो काळ होता. साधारण वर्षभराने, जून २०१६ मध्ये, संकेतस्थळ पुन्हा उघडावे लागले. बायकांना साडीचे, कुर्त्याचे कापड मोठ्या पडद्यावर न्याहाळायचे असते, हे कळायला एक वर्ष गेले म्हणायचे.

याउलट एक उदाहरण देतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून चालू आहे. शेजारपाजारची कुटुंबे मिळून संघ करतात, महिन्याची मागणी भरून देतात, माल ठरलेल्या दिवशी संघातल्या एकाच्या घरी उतरतो आणि सभासद तो आपापसांत वाटून घेतात. एयाल यांच्या चौथ्या पायरीतली गुंतवणूक इथे आहेच, कारण माल वाटायला हात लावावा लागतो. पण ती शेजाऱ्यात गुंतते, पडद्यात नाही. आपल्या मंडळाच्या गणपतीची शिधासामग्री आपण काही अशाच पद्धतीने गोळा करतो. एकाही ॲपला ‘इमारतीची एक यादी’ करावीशी का वाटू नये, हे मला कोडे आहे.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात सांगतो. ॲपलने मार्च २०२० मध्ये नियम केला की गिऱ्हाइकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय जाहिरातीचे संदेश धाडू नयेत, आणि ते बंद करण्याची सोय ॲपमध्येच असावी. अमिरातीत २०२४ च्या ऑगस्टपासून विक्रीचे फोन सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढ्याच वेळात करता येतात. नियम आहेत, ठीक आहेत. पण होकार एकदाच विचारतात, तोही ऑर्डर पाठवण्याच्या घाईत. कुठला संदेश हवा आणि कुठला नको, हे विचारणारे किराण्याचे ॲप अजून माझ्या पाहण्यात नाही. ‘माल निघाला’ हा संदेश मला हवा असतो, ‘चाक फिरवा’ हा नको असतो. दोन्हींना एकच बटण ठेवले की मी दोन्ही बंद करतो, आणि मग दाराशी आलेला पोऱ्या घंटा वाजवून परत जातो.

दुकानदाराला मी एवढेच सांगितले की चाक काढा आणि ‘मागची यादी पुन्हा’ हे बटण पहिल्या पानावर आणा. सुट्टीवर जाणाऱ्याला ‘अमुक तारखेपर्यंत शांत राहा’ म्हणता यावे. आणि यादीतली वस्तू नसली तर तिच्या जागी परस्पर दुसरी न घालता फोन करा. या शेवटच्या सूचनेवर ते थांबले. फोन करायला माणूस लागतो, आणि माणसाचा पगार वाचवायलाच तर ॲप काढले, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. पुस्तकावर वाटेल ती टीका करता येते, पण त्या पगाराच्या आकड्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.