चिरूट, चरखा आणि चेहरा

माणसांचे चेहरे टिपण्यावर ज्यांनी आपले पोट भरले, त्या छायाचित्रकारांच्या आठवणी वाचू लागले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ही मंडळी आपल्या चित्रांविषयी फार थोडे बोलतात. बोलतात ते यंत्राविषयी – भिंग कसे मिळाले, काच कशी तडकली, ऐन वेळी दिव्याने कसा दगा दिला – आणि समोर बसलेल्या थोर माणसाला आपण कसे वठणीवर आणले त्याविषयी. लेखकाच्या आठवणींत टाकाच्या निबाचे एवढे कौतुक कधी वाचायला मिळत नाही. छायाचित्रकाराला मात्र यंत्राची आणि किश्श्याची ओढ आवरत नाही. ह्याचे कारण उघड आहे. ‘सारे यंत्रच करते, तुमचे त्यात काय?’ हा प्रश्न त्याला जन्मभर ऐकावा लागलेला असतो, आणि किस्सा हे त्याने त्यावर शोधून काढलेले उत्तर असते. दुर्दैव असे की ह्या उत्तराने त्याच्या चित्रावरच अन्याय होतो. किस्सा इतका रंगतो की पुढे लोक चित्राकडे पाहीनासे होतात.

चर्चिलसाहेबांची ती रागीट तसबीर घ्या. ती न पाहिलेला सुशिक्षित माणूस विरळाच. इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर २०१६ सालापासून तीच आली. तिचा कर्ता युसुफ कार्श हा मार्दिन गावी १९०८ साली जन्मलेला आर्मेनियन. लहानपणीच त्याने आपल्या लोकांचा संहार पाहिला, पोरवयात तो कॅनडातल्या छायाचित्रकार मामाकडे आला आणि १९३२ साली ओटावाला त्याने स्वतःचा स्टुडिओ थाटला. ३० डिसेंबर १९४१ रोजी चर्चिल कॅनडाच्या पार्लमेंटपुढे भाषण करून सभापतींच्या दालनात आले, तेव्हा कार्श तेथे दिवे लावून आणि कॅमेरा रोखून उभा होता. आपली तसबीर काढली जाणार आहे हे पाहुण्यांना कोणी सांगितलेच नव्हते! त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, नवा चिरूट पेटवला आणि एकच चित्र काढू देईन असे बजावले. कार्शने रक्षापात्र पुढे केले. चिरूट काही तोंडातून निघेना. मग तो सरळ पुढे झाला, क्षमा मागितली आणि चर्चिलच्या ओठांतून चिरूट काढून घेतला. परत येऊन त्याने कळ दाबली, तेव्हा समोरचा माणूस आपल्याला खाऊन टाकील असे त्याला वाटले.

किस्सा झकास आहे, आणि कार्शने तो जन्मभर सांगितला. पण त्याने चित्राचे काय झाले ते पाहा. किस्सा ज्यांना ठाऊक नव्हता त्यांना त्या आठ्यांत हिटलरला आव्हान देणारे ब्रिटन दिसले. ज्यांना ठाऊक झाला त्यांना खेळणे हिरावून घेतलेले मूल दिसू लागले, आणि आपण शहाणे झालो असे त्यांना वाटले. ह्या दोन्ही मंडळींनी चित्र नीट पाहिलेले नाही, असे माझे प्रांजळ मत आहे. एक हात कमरेवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर. पोटावरून गेलेली घड्याळाची साखळी. मागे काळोखात बुडालेली लाकडी भिंत आणि त्या काळोखातून पुढे आलेले कपाळ. आठ्या चिरूटाने आणल्या असतील, पण तो काळोख आणि तो उजेड कार्शने आदल्या संध्याकाळीच दालनात नेऊन मांडून ठेवला होता. किश्श्यात ह्या संध्याकाळीच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येते. खरे काम झाले ते तेव्हा.

आणखी एक गोष्ट किश्श्याच्या शेपटाला येते आणि विसरली जाते. त्या चित्रानंतर चर्चिल हसले आणि आणखी एक काढा म्हणाले. ते दुसरे चित्र उपलब्ध आहे. त्यात एक मिस्कील, थकलेला, भाषण चांगले वठल्याच्या समाधानात असलेला म्हातारा दिसतो. माणसाची तसबीर म्हणून मला हे दुसरे चित्र अधिक खरे वाटते. पहिले हे युद्धकाळाचे भित्तिपत्रक आहे, आणि त्या जातीचे उत्तम आहे. जगाने कोणते निवडले हे सांगायला नकोच. त्या काळाला राग हवा होता.

कार्शवर आक्षेप घ्यायचा तर तो चिरूटाचा नव्हे, उजेडाचा घ्यावा. त्याने पुढे शेकडो थोर माणसे आपल्या मोठ्या पेटीकॅमेऱ्यापुढे बसवली, आणि बहुतेकांवर तोच उजेड पाडला: चेहऱ्याच्या कडा उजळणारा, सुरकुत्यांना शिल्पाचे मोल देणारा, हातांना बोलके करणारा. असा संग्रह चाळताना सारीच माणसे एका साच्यातून थोर होऊन निघाल्यासारखी वाटतात. अपवाद आहेत. १९५४ साली एका जुन्या मठात त्याने पाब्लो कासाल्स ह्या चेलोवादकाचे चित्र घेतले, ते पाठमोरे. उंच दगडी भिंत, वर लहानशी खिडकी आणि पाठ फिरवून वाजवत बसलेला म्हातारा. ह्यात कोणाला वठणीवर आणलेले नाही, काही हिसकावून घेतलेले नाही. चेहरा तर नाहीच. आणि तरीही कार्शने काढलेल्या साऱ्या तसबिरींत मला हीच सर्वांत सरस वाटते.

चिरूट हिसकावणाऱ्या छायाचित्रकारानंतर, जिला आपले यंत्र खाली ठेवून आधी शिष्याच्या पाटावर बसावे लागले अशा एका बाईकडे वळू. ही हकीकत आपल्या पुण्याची आहे. १९४६ साली ‘लाइफ’ नियतकालिकाची छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चित्र घ्यायला पुण्यास आली. लढाईच्या आघाडीवर विमानांतून चित्रे घेतलेली ही बाई. तिला गांधीजींच्या चिटणिसाने विचारले, चरखा चालवता येतो का? नाही म्हटल्यावर, आधी शिका, असे उत्तर मिळाले. चरखा कळल्याशिवाय चरखेवाल्याचे चित्र कसे काढणार? तिला कातायला शिकावे लागले, आणि तिचे सूत पुनःपुन्हा तुटले. पुढची अट उजेडाची. गांधीजींना डोळे दिपवणारा प्रकाश सोसत नसे, शिवाय तो त्यांचा मौनाचा वार होता. फ्लॅशचे तीनच बल्ब उडवण्याची परवानगी मिळाली. त्यांतले पहिले दोन प्रयत्न वाया गेले, काही यंत्राच्या लहरीने, काही घाईने. तिसरा बल्ब लागला.

आता बाईने हा प्रसंग आपल्या १९६३ सालच्या आत्मचरित्रात खुसखुशीतपणे सांगितला आहे, आणि वाचणारा त्या तीन बल्बांतच अडकतो. चित्र मात्र निराळेच काही सांगते. पुढे मोठा थोरला चरखा, अर्धे चित्र व्यापून बसलेला. त्याच्या मागे, उघड्या अंगाने, गादीवर बसलेले गांधीजी खाली मान घालून कागद वाचीत आहेत. पाठीमागच्या खिडकीतून उजेड येतो आहे. ह्या जगप्रसिद्ध चित्रात कोणीही सूत काततच नाही! चरखा थांबलेला आहे. शाळेच्या भिंतीवर, कचेरीत, टपालाच्या तिकिटासारख्या लहान आकारात आपण हे चित्र इतक्या वेळा पाहिले आहे की गांधीजी चरखा चालवीत आहेत असेच आपल्या मनाने ठरवून टाकले आहे.

पण त्यामुळेच हे चित्र मोठे झाले आहे. चर्चिल कॅमेऱ्याकडे पाहतात आणि कॅमेऱ्याशी भांडतात. गांधीजींच्या लेखी कॅमेरा तेथे नाहीच. ज्या बाईला इतक्या अटी घातल्या, तिला त्यांनी नंतर जणू विसरून जाण्याची मोकळीक दिली. अटींनी बाईच्या हातून हिसकावण्याची साधने काढून घेतली होती. तीन बल्बांत माणसाला बोलते करता येत नाही, चिडवता येत नाही, हसवता येत नाही. जे समोर आहे तेच घ्यावे लागते. भरपूर फिल्म आणि भरपूर दिवे मिळाले असते तर तिने अधिक चांगले चित्र काढले असते असे मला मुळीच वाटत नाही. १९४८ सालच्या जानेवारीनंतर ह्या चित्राला जो करुण अर्थ चिकटला तो तिने घातलेला नव्हता. थांबलेल्या चरख्याने तो आपसूक घेतला.

यंत्राचा असा धाक जुन्या काळी तर फारच. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरींतली माणसे एवढी गंभीर का, असे घरातली मुले विचारतात. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ सालीच निघाली आणि पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ही विद्या शिकवण्याचा वर्गही सुरू झाला. पण तेव्हाच्या काचा मंद होत्या, हललेल्या माणसाचे भूत व्हायचे, आणि हसू काही तेवढा वेळ ओठांवर टिकत नाही. बहुतेक स्टुडिओवाल्यांनी ह्यावर उपाय केला तो मानेमागे लोखंडी आधार लावण्याचा. एका बाईने निराळा उपाय केला. तिने चित्र थोडे हलू दिले.

ही ज्युलिया मार्गारेट कॅमेरन. जन्म १८१५ सालचा, आणि तो कलकत्त्याचा. इंग्लंडात वाइट बेटावर राहत असताना, १८६३ सालच्या डिसेंबरात, लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तेव्हा तिचे वय ४८. आपल्याकडे ह्या वयात बाईच्या हाती जपाची माळ देत. तिने कोळशाच्या कोठारात अंधारी खोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा काचघर-स्टुडिओ केला. (कोंबड्या सोडून दिल्या, खाल्ल्या नाहीत, असे ती आवर्जून सांगते.) काचेवर रसायन ओतायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे, ओले असतानाच धुवायचे, हात काळे, आणि ओल्या काचा घेऊन जेवणघरात धावल्यामुळे मेजावरच्या चादरींचा सत्यानाश. तासाला अर्धा क्राउन देऊन बसवलेल्या एका शेतकऱ्याचे पहिले चित्र तिने काचेवरून चुकून हात फिरवून पुसून टाकले. १८७४ साली लिहायला घेतलेल्या आणि अपुऱ्याच राहिलेल्या तिच्या आठवणी ह्या जातीच्या लिखाणात मला सर्वांत लोभस वाटतात, कारण तिच्या किश्श्यांत फजिती बहुधा तिचीच होते.

त्या काळच्या जाणत्यांनी तिच्यावर ठपका ठेवला की चित्रे अंधुक आहेत, काचेवर डाग आहेत, बाईंना यंत्र येत नाही. तिचे म्हणणे असे की भिंग फिरवताना जेथे चेहरा सुंदर दिसला तेथे मी थांबले. आणखी रेखीव करण्यासाठी पुढे फिरवले नाही. तिने १८६७ साली काढलेले सर जॉन हर्शेल ह्यांचे चित्र पाहावे. हा थोर ज्योतिषी. काचेवरचे चित्र पक्के करणारे ‘हायपो’ हे द्रव्य ह्या कामी उपयोगी आहे हे त्यानेच दाखवून दिलेले. सांगतात की, केस नीट फुलावेत म्हणून तिने त्याला आधी न्हायला लावले! काळोखातून उगवलेले ते विस्कटलेले पांढरे केस आणि पाणावल्यासारखे डोळे पाहताना, किंचित हललेल्या कडांमुळेच तो माणूस श्वास घेतो आहे असे वाटते. मात्र ह्याच बाईने आपल्या घरातल्या मोलकरणींना तासन्‌तास बसवून काढलेल्या चित्रांखाली ‘मॅडोना’ आणि तत्सम नावे घातली. थोर पुरुष आपल्या नावाने राहिले. मोलकरणी देवमाता झाल्या आणि त्यांची नावे चित्राखालून गेली. चित्रे सुंदर आहेत, पण ही गोष्ट मला खटकते.

खटकण्याचे कारण रिचर्ड ॲव्हेडन हा अमेरिकन. फॅशनच्या नियतकालिकांसाठी सुंदर बायकांची चित्रे काढून नाव आणि पैसा मिळवलेला हा न्यूयॉर्कवासी १९७९ ते १९८४ ह्या काळात, टेक्ससमधल्या एका संग्रहालयाने दिलेल्या कामावर, अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडला. खाणकामगार, तेलविहिरींवरचे मजूर, कसाईखान्यातली माणसे, भटके. एकंदर ७५२ माणसे आणि ८ बाय १० इंची फिल्मचे सुमारे १७,००० तुकडे! भिंतीला किंवा गाडीला पांढरा कागद चिकटवायचा, माणसाला सावलीत उभे करायचे, आणि स्वतः कॅमेऱ्यामागे न लपता त्याच्या शेजारी उभे राहायचे. दिवे नाहीत, पडदे नाहीत, खुर्ची नाही. हातपाय कोठे ठेवावेत हेही त्या बिचाऱ्यांना कळेना, आणि ते अवघडलेपण चित्रांत जसेच्या तसे उतरले आहे.

१९८५ साली प्रदर्शन भरले तेव्हा ओरड झाली की श्रीमंत शहरी माणसाने गरिबांचे दैन्य भिंतीवर टांगले. ह्या आरोपात तथ्य नाही असे म्हणवत नाही. अंगावर मधमाश्या बसवून उघडा उभा केलेला तो मधपाळ तर मला सर्कशीतला वाटतो. ते चित्र आधी कागदावर रेखाटून, जाहिरात देऊन माणूस मिळवून केलेले आहे, आणि ते दिसते. पण बाकीच्या बहुतेक चित्रांखाली त्या माणसाचे नाव, धंदा, गाव आणि तारीख छापलेली आहे. ‘एक मजूर’ असे सहसा नाही. कॅमेरनच्या मोलकरणींना जे मिळाले नाही ते ह्या माणसांना मिळाले, आणि कार्शच्या थोर पुरुषांना मिळाला तो फुकटचा उजेड मात्र मिळाला नाही. कोळशाने काळवंडलेली ती पोरे तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तीत कृतज्ञता नाही आणि तक्रारही नाही. ‘तू कोण?’ एवढेच तिच्यात आहे.

ह्या ॲव्हेडनने हाच पांढरा कोरा पडदा त्याआधी आपल्या वडिलांमागे धरला होता. १९६९ ते १९७३ ह्या काळात त्याने त्यांची चित्रे घेतली. वडील कर्करोगाने आजारी होते आणि १९७३ साली गेले. ओळीने पाहत गेले की नीटनेटका सूट घातलेला, पोराकडे जरा संशयाने पाहणारा गृहस्थ चित्रागणिक आत आत ओढला जातो. शेवटी शेवटी सदरा अंगाला मोठा होतो आणि डोळे तेवढे उरतात. १९७४ साली ही चित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात लागली, आणि मुलाने बापाच्या आजारपणाचे प्रदर्शन मांडावे का, असा प्रश्न निघाला. आपल्या घरांत वडिलांची तसबीर लावायची वेळ येते तेव्हा आपण आजारपणाच्या आधीची, एखाद्या लग्नात फेटा बांधून काढलेली शोधतो. ग्रूप फोटोतून तेवढाच चेहरा कापून मोठा करून आणतो, आणि स्टुडिओवाला वर थोडे केसही काळे करून देतो. ॲव्हेडनच्या त्या शेवटच्या चित्रांपैकी एखादे मी माझ्या बैठकीच्या खोलीत लावीन का? लावणार नाही. पण कार्शचे चर्चिल मी एका नजरेत पाहून पान उलटतो, आणि ह्या म्हाताऱ्यापाशी आलो की पान उलटायला हात उचलत नाही.