बोलता येईल इतकेच पळा

अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ साली न्यूझीलंडला गेले. तिथे आर्थर लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर पळताना त्यांनाच धाप लागली. पुढे १९६७ साली हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हॅरिस यांच्यासह त्यांनी 'जॉगिंग' हे पुस्तक लिहिले. त्याचे सार एवढेच : पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, बोलणे खुंटले की वेग जास्त झाला. आम्हां बी.कॉम.वाल्यांना हे पटते. श्वास म्हणजे चालू खाते. ओव्हरड्राफ्ट काढू नये!

पण लेखकद्वयाने आमचे अवसरी खुर्द पाहिलेले नाही. इथे पहाटे मंचरच्या रस्त्याला हळू पळणाऱ्याला लोक विचारतात, "काय साहेब, एसटी चुकली का?" शरमेने वेग वाढतो. त्यात मागून इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आली की विचारूच नका! रक्तदाबाची गोळी खाणारा मी एकदा त्यांच्या पुढे धावलो, आणि शंभर पावलांवर डोळ्यांपुढे काजवे चमकले. घरी अजून सांगितलेले नाही.

पुस्तकाची उणीव हीच. ते वेग मोजायला शिकवते, लाज सोसायला नाही. हळू पळायला दम कमी लागतो, धीर जास्त.

कसोटी मात्र खरी आहे. हल्ली मी एकोणतीसचा पाढा म्हणत पळतो. अडखळलो की वेग कमी करतो. अडखळणे दमामुळे की विस्मरणामुळे, याचा खुलासा पुस्तकात नाही.