‘ग्लोबल’ या पदाची व्याप्ती

आज्ञावाक्याचा अर्थ केवळ क्रियापदाने पुरा होत नाही. आज्ञा कोणास लागू आहे आणि किती काळपर्यंत, हे दोन प्रश्न सुटल्यावाचून ती पाळली गेली की नाही, हे ठरविता येत नाही. डेटाबेस सर्व्हर चालू असतानाच त्याची सेटिंग्ज बदलण्यासाठी जी आज्ञावाक्ये योजिली जातात, त्यांची परीक्षा याच कसोटीवर करावयास हवी.

मायएस्क्यूएलमधील ‘सेट ग्लोबल’ ही आज्ञा पाहावी. ‘ग्लोबल’ या पदावरून बदल सर्वांस व कायमचा लागू होईल, अशी समजूत सहज होते. वस्तुतः ती दोन्ही अंगांनी फसवी आहे. एखाद्या प्रोग्रॅमने उघडलेली जोडणी निष्क्रिय असता किती वेळ राखावयाची, हे ‘वेट टाइमआउट’ ठरवितो. त्याचे मूळ मूल्य २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास. ते या आज्ञेने ६०० केले, तरी अगोदरच जोडलेल्या सेशनांना त्याचा स्पर्श होत नाही; जोडणीच्या क्षणी प्रत्येकाने घेतलेले मूल्य तसेच राहते. शिवाय सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की ६०० हा आकडा लोपतो. अडचणीच्या रात्री केलेला उपाय असा काही महिन्यांनी नाहीसा होतो. तोवर तो कोणाच्या स्मरणातही नसतो.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये २०१४ साली आलेल्या ‘ऑल्टर सिस्टिम’ या आज्ञेचा दोष नेमका उलट आहे. ती मूल्य फाइलमध्ये नोंदविते. परंतु फाइल पुन्हा वाचण्याची सूचना मिळेपर्यंत चालत्या सर्व्हरवर परिणाम होत नाही. ‘शेअर्ड बफर्स’सारख्या सेटिंगला तर सर्व्हर नव्यानेच सुरू करावा लागतो. एका आज्ञेचा बदल आज आहे, उद्या नाही; दुसरीचा उद्या आहे, आज नाही. दोन्ही नावे मात्र याविषयी मौन पाळतात.

मराठीत हा भेद क्रियापदच दाखविते. ‘दार उघड’ आणि ‘दार उघडून ठेव’ यांत क्रिया एकच. पण ‘ठेवणे’ या सहायक क्रियापदाने तिचे फळ टिकविण्याची जबाबदारी येते. मायएस्क्यूएलच्या ८.० या आवृत्तीत, २०१८ साली, ‘सेट पर्सिस्ट’ स्थिरावले ते याच अर्थाने: ‘बदलून ठेव’. तिच्या जोडीची ‘पर्सिस्ट ओन्ली’ म्हणजे ‘नुसते लिहून ठेव’. नामकरणातील ही प्रगती मान्य केली पाहिजे.

तथापि येथेही एक न्यून उरते. ‘पर्सिस्ट’ने लिहिलेली फाइल सर्व्हर सुरू होताना सर्वांत शेवटी वाचली जाते. मुख्य फाइलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती त्यामुळे निष्प्रभ ठरते आणि दुरुस्ती करणारा बुचकळ्यात पडतो. चालू मूल्य कोठून आले, हे ‘व्हेरिएबल्स इन्फो’ या सारणीत पाहता येते. पण ते विचारण्याचे सुचले तर.

या सर्व गोष्टी मार्गदर्शिकांत स्पष्ट लिहिलेल्या आहेत, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, पण पुरेसा नाही. मार्गदर्शिका सवडीने वाचली जाते. आज्ञा मात्र घाईत लिहिली जाते, आणि त्या वेळी लिहिणाऱ्यापुढे आज्ञेतील शब्दाखेरीज दुसरा वाटाड्या नसतो. म्हणून व्याप्ती आणि काल यांचा निर्देश टीपेत नव्हे, तर आज्ञेच्या पदांतच असला पाहिजे.